काळ्याची पारख

परंडा तालुक्यात मेंढराची किंमत करणारी माणसं पुष्कळ हायेत, पण लोकरीवर नुसता अंगठा फिरवून काळ्या रंगाची जात सांगणारा एकच हाय, बिरदेव. ही गोष्ट बिरदेव सोताच सांगत फिरतो, पण म्हणून ती खोटी ठरत न्हाय.

शाळा त्याची सातवीपतुर झाली. परीक्षा दिली, निकाल आणायला मात्र गेला न्हाय, कारण त्या आठवड्यात मेंढरं भूमच्या डोंगराकडं होती. पास झालो म्हणून तो सांगतो, आणि तपासायला अजून कुणी गेलेलं न्हाय. पण लोकरीच्या शाळेत तो हेडमास्तर. काळा तीन जातीचा असतो, तो म्हणतो. एक रंगवलेला, वला अंगठा घासला की हाताला लागतो. दुसरा उन्हानं खाल्लेला, लांबून काळा, जवळून तांबूस. आणि तिसरा जावळाचा. कोकराची पैली लोकर कातरली की जो निघतो तो. त्या काळ्यात नजर बुडते, तळ लागत न्हाय. बार्शीचे व्यापारी घोंगडी घ्यायच्या आधी त्याला फोन करतात. ह्यातही खोटं न्हाय.

अशा माणसाची धाकटी बहीण शिवकन्या. चौदा वर्षांनी लहान. बार्शीला राहून ती कॉम्प्युटर शिकली आणि आता पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीचं काम घरी बसून करती. गेममधी किल्ले असतात, भुयारं असतात, जंगलं असतात. तिथं उजेड कुठनं यावा, सावली कुठं पडावी, हे ती ठरवती. मग तोच गेम खेळून बघती, सिनेमे लावून त्यातला अंधार बघती, परत दुरुस्त करती.

गावात लोक विचारायचे, "बिरदेवा, बहीण दिवसभर खेळतीच म्हणं?"

"खेळणारं जग दुसरं," बिरदेव म्हणायचा. "ती त्यांना उजेड देती. तिनं हात आखडला तर निम्मा देश आंधारात चाचपडंल."

पण ह्या वर्षी अडचण आली ती आंधाराचीच. शिवकन्येच्या जुन्या पडद्यावर जो आंधार झ्याक दिसायचा, तो पुण्यात मोठ्या पडद्यावर लावला की राखेसारखा दिसायचा. एका भुयारी जिन्याचं काम तीनदा परत आलं. जिन्यावर काळं पांघरलेला एक पहारेकरी उभा असतो, तो खेळणाऱ्याला दिसला न दिसला असा दिसायला पायजे. शेवटी तिच्या वरच्या राजेश्वरी मॅडमनी फोन केला. म्हणल्या, मंगळवारपतुर जिना नीट कर, न्हायतर पुढच्या महिन्यापासनं पुण्याला येऊन हाफिसात बस, इथं पडदे चांगले हायेत.

पुण्यात शिवकन्येनं आठ महिने काढले होते. एका खोलीत पाच पोरी, आणि हाफिसात जायला-यायला तीन तास. तिथं तिचं काम निम्मं व्हायचं आणि डोकं दुप्पट दुखायचं. इथं घरामागं बिरदेवनं सोताच्या हातानं पत्र्याची खोली उभी केली होती, पूर्वेला दार, दक्षिणेला खिडकी. त्या खोलीत बसून तिनं जे काम केलं त्याला कंपनीनं बक्षीस दिलं होतं. तिला इथंच राहायचं होतं.

"पडदा बदलायचा," ती आईला म्हणली. "ओएलईडी घ्यायचा. पगारातनं पैसे साठवलेत."

आई कोंडाबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. "त्यानं काय व्हतंय?"

"साध्या पडद्याच्या मागं दिवा असतो आई, त्यामुळं काळा म्हणलं तरी करडा दिसतो. ह्यात एकेक ठिपका आपला आपण पेटतो आणि आपला आपण विझतो. विझला की खरा काळा."

बिरदेव दारात उभा होता. "काळा म्हणलीस न्हवं? मग मी येणार."

"दादा, तुमाला काय कळायचं त्यातलं? लई तांत्रिक असतं."

"तू बालवाडीत होतीस तवा पाटी कुणी निवडली? सायकल कुणी निवडली? चल."

शनिवारी दोघं निघाली. परंड्याहून कुर्डुवाडीपतुर एसटी, पुढं सोलापूरपतुर रेल्वे. बिरदेवच्या खांद्यावर घोंगडं होतं. शिवकन्या म्हणली, दुकानात तरी काढून ठेवा. तो म्हणला, टाय काढून ठिवा असं सायबाला कोण म्हणतंय का?

दुकान विरेश नावाच्या माणसाचं. बोलायला गोड, मालाचा जाणकार. मागच्या बाजूला काळ्या कापडाचा पडदा सोडून त्यानं आंधारी खोली केली होती, तिथं दोन ओएलईडी शेजारी शेजारी. दोन्ही सत्तावीस इंची, दोन्ही महागाचे.

"डावीकडचा क्वांटम डॉटवाला," विरेश म्हणला. "ह्याच्यावरचा लाल बघा मॅडम. असा लाल दुसऱ्यात मिळायचा न्हाय. उजवीकडचा पण चांगला, पण रंगाला थोडा मवाळ."

शिवकन्या दोन महिने ह्याच दोन्हींबद्दल वाचत होती. जो तो डावीकडच्याचंच कौतुक करत होता. तिनं आपला पेनड्राइव्ह लावला, जिना उघडला, आणि तिचा चेहरा फुलला. पहारेकरी जसा पायजे तसा उभा होता.

"काळा लई भारी वाटतोय," बिरदेव म्हणला, आणि सवयीनं अंगठा जिभेला लावून डावीकडच्या काचेवर घासला.

"अण्णा, अण्णा, हात काढा," विरेश दोन्ही हात पुढं करून धावला. "वरचा थर नाजूक असतो. ह्याला मऊ कापडबी जपून लावावं लागतं."

बिरदेवनं अंगठा उजेडाला धरून बघितला. "घाबरू नका. कायबी लागलं न्हाय. रंग पक्का हाय तुमचा."

काचेवर अंगठ्याएवढा वला पट्टा उमटला होता. विरेश तो मऊ कापडानं फुंकून फुंकून पुसत राहिला. शिवकन्येचे कान लाल झाले.

"दादा," ती हळू म्हणली, "तुमी बाहेर बसा जरा."

बिरदेव बाहेर येऊन काउंटरपाशी स्टुलावर बसला. बाजारात शंभर माणसांत त्याचा शब्द चालायचा, आणि इथं बहिणीनं बाहेर बसवला. राग आला, पण चूक आपली हे कळत होतं, म्हणून राग गिळला. घोंगड्याची घडी मोडली, परत घातली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आतल्या खोलीतनं बाहेर आलं आणि जाताना काळा पडदा खिळ्याला अडकवून गेलं. दुकानाचं तोंड पश्चिमेला. उतरतं ऊन काचेतनं थेट आतल्या दोन्ही पडद्यांवर गेलं. बिरदेव स्टुलावरनं उठलाच.

"विरेशशेठ, ते ऊन आसंच राहू द्या. झाकू नका."

"का वो अण्णा?"

"डावीकडचा काळा उन्हानं खाल्लाय."

विरेश हसला, पण शिवकन्येनं मान वळवून पडद्याकडं बघितलं आणि हसली न्हाय. डावीकडं जिन्याचा आंधार जांभळट, तांबूस झाला होता. उजवीकडचा होता तसाच होता.

बिरदेव आत आला, ह्यावेळी हात पाठीमागं बांधून. मग एक हात सोडला, घोंगड्याचा पदर दोन्ही पडद्यांच्या मधी, चार बोटं लांब धरला. "हे जावळाचं. आता ह्याच्याशी लावून बघ. माझं ऐकू नको, डोळ्याचं ऐक."

विरेश खरं बोलणारा माणूस. म्हणला, "अण्णा बरोबर बोलत्यात मॅडम. डावीकडच्या जातीवर बाहेरचा उजेड पडला की काळा असा तांबूस पडतो. आंधाऱ्या खोलीत काय फरक न्हाय. घरी जाड पडदे लावायचे, संपला विषय."

"आमच्या खोलीवर पत्रा हाय," बिरदेव म्हणला. "दार-खिडकी झाकून बसली तर दुपारपतुर हुरड्यावानी भाजून निघंल."

"एसी बसवा."

"आमच्याकडं वीजबी उन्हासारखी कायम राहती का? एसी बसवा म्हणं."

शिवकन्येचं मन अजून डावीकडंच ओढत होतं. "दादा, रंग त्याचेच चांगले हायेत. सगळे त्यालाच नावाजतात."

"व्हय, पण ते कुठं बसून नावाजतात?"

ह्यावर तिला आपली पत्र्याची खोली आठवली. पण नुसत्या दादाच्या शब्दावर घेणारी पोरगी ती न्हवं, आणि हे बिरदेवला आवडतं, कारण ते त्यानंच शिकवलंय. तिनं दोन्हींवर जिना लावला. उन्हात पहारेकऱ्याचा खांदा डावीकडं धुरकटात विरघळून गेला, उजवीकडं खांद्याची कड शाबूत राहिली. मग खिळ्याचा काळा पडदा सोडायला लावला, आंधारात बघितलं. परत ऊन घ्यायला लावलं. असं पाच-सात येळा. विरेश पडदा वर-खाली करून दमला. एक खेळ चालवून बघितला, पळणारं माणूस तुटक दिसतंय का ते दोन्हींवर तपासलं. एक सिनेमा लावला. शेवटी रंगाचा तक्ता लावून लाल रंगाकडं लई येळ बघत बसली.

"लाल जरा मवाळ हाय ह्याचा," ती उजवीकडच्याला बोट न लावता म्हणली. "पण माझं काम आंधाराचं हाय. आणि मी दिवसा काम करते. हाच द्या."

विरेशनं एक गोष्ट आपणहून सांगितली. ह्या पडद्यांवर एकच चित्र तासन्‌तास तसंच ठेवलं की त्याचा डाग राहतो.

"एका जागी दावं बांधलं की जनावराच्या मानेला घट्टा पडतो, तसंच की," बिरदेव म्हणला. "मग घट्टा पडला तर भरून कोण देणार?"

"तीन वर्षांची हमी हाय, डाग धरून."

"तोंडी?"

विरेशनं छापील कागद काढला. बिरदेवनं तो शिवकन्येला दिला, आणि ती शेवटच्या ओळीपतुर वाचस्तवर दुकानातनं हलला न्हाय.

परतीच्या एसटीत खोकं त्याच्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणला, "पाव्हणं, टीव्ही का?"

"मास्तर, टीव्ही काळा दाखवतो म्हणतो. हा दाखवतो."

"तिकीट दाखवा आधी."

रविवारी सकाळी शिवकन्येनं पडदा जोडला. खोलीचं दार उघडं, खिडकी उघडी, मेंढरं समोरनं गेलेली. जुन्या पडद्यावर तिनं जिथं जिथं आंधार नीट बसवला होता, तिथं तिथं उजेड सांडलेला निघाला. तिला वाटलं होतं दोनचार जागा असतील. सगळा जिनाच तसा होता. एखादं पोरगं हबकलं असतं. ती उठली, तांब्याभर पाणी प्याली, आणि पैल्या पायरीपासनं सुरुवात केली. बिरदेव दोनदा दारात आला. दुसऱ्या येळी ती मागं न बघता म्हणली, "दादा, तुमची सावली पडती." तो बाजूला झाला. त्या दिवशी त्यानं दारासमोर कुणाला उभंच राहू दिलं न्हाय, कोंडाबाईलासुदा चहा घेऊन खिडकीकडनं जायला लावलं.

सोमवारी काम पुण्याला गेलं. सांजच्याला परत आलं. जिना बरोबर हाय म्हणल्या मॅडम, पण वरच्या तीन पायऱ्यांवर अजून राख दिसती. शिवकन्येनं मंगळवारी सकाळी त्या तीन पायऱ्या मोडून नव्यानं केल्या. दुपारी फोन वाजला. बिरदेव बाहेर कातरीला धार लावत होता, त्याचा हात थांबला.

आतनं तिचं बोलणं ऐकू येत होतं. व्हय मॅडम. न्हाय मॅडम, दिवसाच केलं, दार उघडं ठेवून. व्हय. मग फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि मग परत कळफलकाची टकटक सुरू झाली.

बिरदेवला राहवलं न्हाय. "काय म्हणल्या?"

"म्हणल्या, पुण्याला यायचं काम न्हाय. इथनंच कर." तिनं मान वर काढली न्हाय. "पुढचं भुयार पाठवलंय. आधीच्यापेक्षा मोठं हाय. दादा, उजेडातनं सरका."

बिरदेव सरकला. कातरी खाली ठेवली, हात धुतले, धुवट सदरा घातला. कोंडाबाईनं विचारलं, भर दुपारचं कुठं निघालास, मेंढरं कोण बघणार.

"तासभर तू बघ," तो म्हणला. "गावात चार माणसांना सांगून येतो. तिला सांगायला सवड न्हाय."