टोपी कुणाकडे ठेवायची

दगाभाऊच्या चहात मुंगी निघाली तर तो ती काढत नाही, आधी विचारतो, हिला कुणी धाडली. माझा चुलत भाऊ आहे, दोन वर्षांनी धाकटा, म्हणून मी एवढं बोलते. आमच्या कळसाडी गावात दुसरं कुणी बोललं तर तो तीन दिवस त्याच्या घरासमोरून जाताना मान वळवून जातो.

त्याच्याकडे ठासणीची बंदूक आहे. बापाची. लायसन पिकाच्या राखणीचं. उसात डुकरं दडून बसतात आणि दिवस बुडायला आला की शेजारच्या मक्यात शिरतात. दगाभाऊ त्या वेळेला बांधावर जातो आणि आभाळाकडे नळी करून एक बार काढतो. छर्रा-बिर्रा काही नाही, नुसती दारू. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, मागे बारीक भोकाची चोच असते तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो. चाळीस वर्षं उडत होता.

यंदा भादव्यापासून उडेना. घोडा पडायचा, टक्क वाजायचं, पुढे काही नाही. भाऊ बिचारा नळी नाल्याकडे धरून तसाच उभा राहायचा, कारण उशिरानं पेटली तर काय घ्या. मागून डुकरं आरामात मका खायची. मी म्हटलं, दगाभाऊ, त्यांना आता तुझा आवाज नाही, तुझी सोबत पाहिजे. तो हसला नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "जिजी, मन्ही बंदूकले कोनी तरी हात लाई ऱ्हायनं."

पहिला संशय नंदुरबारच्या दीपचंद शेठवर. टोप्या त्याच्याच दुकानातल्या. मला वर्षाची मिरची घ्यायची होती, मी एसटीत त्याच्यासोबत बसले. शेठनं बोलणी निमूट ऐकून घेतली आणि दोन जातीच्या टोप्या काढून मांडल्या. भाऊ घेत होता ती चोचीवर सैल बसायची, म्हणून तो ती बोटानं चिमटून बसवायचा. शेठ म्हणाला, चिमटू नका. नुसत्या बोटानं तळापर्यंत जाईल आणि उलटी धरली तरी गळणार नाही, ती टोपी आपली. शिवाय बारीक तार घालून चोचीचं भोक साफ करा, तेल राहू देऊ नका. आणि दारू घालायच्या आधी रिकाम्या बंदुकीवर एक टोपी वाजवा, नळी गवताच्या पात्यासमोर धरून. पातं हललं तर वाट मोकळी.

भाऊनं सगळं ऐकलं, टोप्या घेतल्या आणि जिना उतरताना मला म्हणाला, हा एवढं फुकट का सांगतो?

नवी टोपी त्याच संध्याकाळी वाजली. पातं हललं, बार असा उडाला की माझ्या म्हशीनं खुंटा उपटला. मला वाटलं, मिटलं. पाचव्या दिवशी पुन्हा टक्क.

आता संशयातून दुकान सुटलं आणि घर सापडलं. बंदूक कपाटात कुलपात, किल्ली ह्याच्या करगोट्याला, तरी हा कपाटासमोर गव्हाचं पीठ भुरभुरून शेतात जायचा. संध्याकाळी वाकून पावलं बघायचा. एकदा मांजरीची उमटली तर मांजर कुणाची म्हणून मलाच विचारायला आला. मी म्हटलं, माझीच, मीच शिकवून धाडली, पण किल्ली कुठं आहे ते तिला सांगायला विसरले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते चाललं असतं. पण सून कामिनी पीठ झाडायला कपाटापाशी वाकलेली त्यानं पाहिली, आणि त्या दिवसापासून तो तिच्या हातचा चहा घेईना. पोरगी गुणाची. गुपचूप कप उचलून न्यायची.

ते पाहून हेमराज तापला. हेमराज म्हणजे त्याचा मुलगा, कामिनीचा नवरा. तो म्हणाला, डिसेंबरात लायसन संपतंय, ते वाढवायचं नाही, बंदूक जमा करायची. पिकाला तारेचं कुंपण घालू, घरात शांतता होईल.

भाऊ पांढरा पडला. म्हणाला, रविवारी दिवस बुडताना तू बांधावर ये. तुझ्यासमोर एक बार काढतो. नाही उडाला तर सोमवारी मीच घेऊन जातो ठाण्यात.

दिवस होता गुरुवार. मला धड झोप नाही. माणूस कितीही चक्रम असो, बंदूक गेली की दगाभाऊ बांधावर कशाला जाईल? ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घेत मरेल.

शुक्रवारी सकाळी मी कामिनीकडे विरजण मागायला गेले. ती मोरीवर सासऱ्याची बंडी घासत होती. छातीच्या आतल्या खिशावर हिरवा गोल डाग, रुपयाएवढा. मी विचारलं, हे काय गं. ती म्हणाली, भादव्यापासून आहे, जात नाही, टोप्यांची डबी नाना तिथंच ठेवतात. कपाटावर भरवसा नाही म्हणून डबी अंगावर. ऊस बांधतानाही अंगावर, निजतानाही अंगावर.

"खिसा कायम वल्ला राहस, आत्या," ती म्हणाली. "पन मी काय बोलू? मीच चोर दिखस त्यासले."

मी तिथंच मोरीच्या काठावर बसले. तांब्याला घाम लागला की हिरवं येतं, पितळी भांडी घासून जन्म गेला माझा. डबीचं झाकण सैल. चोर कपाटापाशी नव्हता, तो भाऊच्या बरगडीला चिकटून निजत होता.

पण हे त्याला सांगायचं कसं? सरळ सांगितलं असतं तर म्हणाला असता, जिजीला सुनेनं फितवलं. म्हणून मी त्याच्याच वळणानं गेले. म्हटलं, दगाभाऊ, माझाही आता सगळ्यांवर संशय आहे. आपण सापळा लावू. अर्ध्या टोप्या तुझ्या खिशात राहू दे. अर्ध्या काचेच्या बरणीत घालून कामिनीला दे, चुलीपासून लांब, कोरड्या फळीवर ठेवायला. रविवारी कुणाच्या फसतात ते कळेल, चोर हातात येईल.

त्याचे डोळे चमकले. सुनेला पकडायला तो एका पायावर तयार झाला. डबीतल्या सगळ्याच ओलसर होत्या, पण दोन दिवस कोरड्यात राहिल्या तर वाळतील असा माझा हिशेब होता. वरच्या चांगल्या निवडून त्यानं स्वतःकडे ठेवल्या आणि उरलेल्या तिला दिल्या.

रविवारी बांधावर आम्ही चौघं. बंदूक रिकामी, नळी गवताच्या पात्यासमोर. खिशातली पहिली टोपी, टक्क. पातं ढिम्म. दुसरीही तशीच. मग कामिनीनं बरणीतली एक दिली. फटाक, आणि पातं आडवं झालं. आणखी एक, पुन्हा आडवं. भाऊनं डबी उघडून आत बघितलं, मग बंडीचा खिसा बाहेर ओढून बघितला. हिरव्या डागावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

हेमराज हट्टी. म्हणाला, हे गवताचं झालं, बोली बाराची होती.

भाऊनं दारू घातली, गज मारला. टोपी बसवायची वेळ आली तेव्हा त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. सुनेसमोर तळहात पसरला, पण नजर मक्यात.

"दे वं माय," म्हणाला.

तिनं टोपी ठेवली. बार उडाला, उसात धडपड झाली आणि काळी डुकरं नाल्याकडे पळाली. हेमराज खाली बसून चपलेतली माती काढत राहिला. लायसन वाढवायचा अर्ज त्यानंच नेऊन दिला पुढच्या आठवड्यात.

आता बरणी कामिनीच्या ताब्यात. दगाभाऊ रोज दिवस कलला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. ती हातातलं काम संपवते, हात कोरडे करते आणि विचारते, "कालनी टोपी वाजनी का, नाना?" तो वाजल्याची साक्ष द्यायला मला हाक मारतो. मी कधी कधी म्हणते, मला तर काही ऐकू आलं नाही बाई.