हिऱ्यांचा परिच्छेद

माझा धाकटा दीर मला पहिल्यापासून आवडला नाही, आणि हे त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही याचीच आज जास्त चीड येते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही विलायतेत हॅरोला राहत होतो. नवरा हॉस्पिटलात, मी जवळच्याच दवाखान्यात जीपी. दीर दर रविवारी एजवेअरहून जेवायला यायचा. आफ्रिकेतून आलेले कच्चे हिरे घ्यायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. काँगोत लढाई पेटली तशी त्याची कळी खुलली.

"वहिनी, तिकडे मारामारी आहे म्हणून तर माल चीप मिळतो," भात कालवत तो सांगायचा. "ज्याच्या हातात खाण, त्याच्याकडे बंदुका. सिंपल बिझनेस आहे."

नवरा हसायचा. मी वाढायचे. माझ्या कानांत दिरानंच वास्तुशांतीला दिलेल्या हिऱ्याच्या कुड्या असायच्या.

त्याच हिवाळ्यात काँगोतला एक माणूस माझ्याकडे आला. या देशात आसरा मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला होता, आणि त्याच्या सॉलिसिटरला माझ्याकडून जखमांचा रिपोर्ट हवा होता. तो फ्रेंच बोलायचा, म्हणून सोबत दुभाषी बाई होती. चाळिशीचा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नदीकाठी खड्डे खणून तो हिरे शोधायचा. बंडखोर सैनिकांनी खड्डे ताब्यात घेतले आणि त्याच्यावर खडा लपवल्याचा आळ घेतला. बाकीच्यांना धाक बसावा म्हणून सगळ्यांसमोर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडली.

"खडे घ्यायला व्यापारी विमानानं यायचे," तो म्हणाला. "ते येऊन गेले की सैनिकांकडे नव्या बंदुका दिसायच्या."

हे मला सांगताना दुभाषी बाई माझ्या कानांकडे बघत होती, किंवा मला तसं वाटलं. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

मूर्खपणा असा की रविवारी जेवताना मी हे बोलून गेले. दिराचा घास हातातच राहिला.

"रिपोर्टात डायमंड्स कशाला घालता? तुम्ही डॉक्टर, जखमा लिहा. हे पेपर्स कोर्टात जातात, वहिनी. उद्या कोणी विचारलं, तुमच्या घरात कोण काय करतं, मग?"

"हे लोक स्टोऱ्या रचतातच," नवरा म्हणाला. "तू कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस? आपण आपलं काम करावं."

आपण आपलं काम करावं! वीस वर्षं आम्ही सगळ्यांनी इथे हेच केलं. नाकासमोर चालायचं, कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, आणि वर त्याला संस्कार म्हणायचं. त्या दोघांचा मला संताप आला, आणि दुसऱ्या दिवशी मी अगदी त्यांनी सांगितलं तसंच केलं. व्रणांची लांबी, रुंदी, जखमा किती जुन्या, सगळं चोख. कारणापुढे एकच वाक्य टाकलं: सैनिकांनी हल्ला केल्याचे पेशंट सांगतो. हिऱ्यांचा परिच्छेद मी गाळला.

काही महिन्यांनी तो पेशंट नकाराचं पत्र घेऊन आला, बरोबर तीच दुभाषी. पत्रात लिहिलं होतं की हिऱ्यांपायी बोटं तोडली असं अर्जदार म्हणतो, पण त्याच्याच डॉक्टरच्या रिपोर्टात हिऱ्यांबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे ही कहाणी मागाहून रचलेली आहे. त्याला अपील करायचं होतं. त्यासाठी मी एवढंच लिहून द्यायचं होतं की हिऱ्यांचं त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. उरलेली दोन बोटं दुभाषी बाईकडे रोखून तो बराच वेळ तावातावानं बोलला. ती सरळ माझ्याकडे बघत होती. त्याचं बोलून झाल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "ते म्हणताहेत, चूक माझी आहे. हिऱ्यांचं त्यांचं बोलणं मी तुम्हाला सांगितलंच नसणार. तुम्ही चांगल्या डॉक्टर आहात, कळलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं."

माझी वही ड्रॉवरमध्ये होती. ती बाहेर काढली असती की झालं असतं.

"तसं झालं असेल," मी म्हणाले.

तिनं तेही त्याला जसंच्या तसं सांगितलं.