आतड्याचं अस्तर

दादानं दारू सोडली होती. हे आधीच सांगते, कारण शिमग्यात तो डुलायला लागला तेव्हा अर्ध्या वाडीनं तो प्यायल्याचा संशय घेतला आणि उरलेली अर्धी त्याच्या पाया पडली.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. मुंबईत नोकरी करता करता दादानं पिऊन पिऊन यकृताची वाट लावली आणि घरी परतला. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक गोड औषध दिलं. त्यानं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायचं, आणि तेच हवं होतं; नाहीतर पोटातलं विष मेंदूत चढतं. उपाशी राहायचं नाही अशी ताकीदही होती. पण पालखी खांद्यावर असताना परसाकडे कसं जायचं? पठ्ठ्यानं गुपचूप औषध बंद केलं. शिवाय पालखी आपल्या दारात येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही असा नेम धरला. मला, सख्ख्या बहिणीला, पत्ता लागू दिला नाही.

पालखी घरोघर फिरत होती. आमच्या दाराच्या बरंच अलीकडे दादा थांबला आणि घुमल्यासारखं करू लागला. बोलणं तुटक, नजर भलतीकडेच. "देव आला अंगात," कुणीतरी म्हणालं. लगेच नारळ पुढं आले. वहिनी पदर पसरून त्यालाच विनवत होती, "देवा, माझ्या घरधन्याला बरं कर." तो तिला ओळखत नव्हता.

मी त्याला हात समोर ताठ धरायला लावले. पंजे आपोआप फडफडत होते. विष मेंदूत चढल्याची हीच खूण बाईंनी आम्हाला दाखवून ठेवली होती. "देव नाय हा, आजार हाय. गाडी काढा," मी ओरडले. इतका संताप आला होता की पालखीपुढं आवाज चढवल्याची लाजही वाटली नाही.

महाडला सलाईन, औषध सुरू झालं. वाचेल का, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "उद्यापर्यंत बघू." मग समजावत बसल्या. आतड्याच्या आतून पेशींचा एकच थर असतो, एकमेकींना घट्ट धरून. अन्नाला वाट द्यायची, जंतूंना अडवायचं. दारूनं त्यांची पकड सुटते आणि नको ते रक्तात झिरपतं. ते रक्त आधी यकृताकडे जातं, आणि यकृतच थकलेलं असलं की विष पुढं मेंदूपर्यंत पोचतं.

"आणि हा थर चार-पाच दिवसांत नवा होतो," त्या म्हणाल्या. "यकृताचे व्रण राहतील. पण दारू लांब ठेवली, पोटात अन्न गेलं, तर ही पकड पुन्हा बसू शकते."

मी थक्क झाले. दुधावरच्या सायीहून पातळ असं काहीतरी माझ्या भावाच्या पोटात इतकी वर्षं पहारा देत होतं. तो जाळत होता, ते पुन्हा उगवत होतं, आणि आम्हाला कुणाला खबरही नव्हती. देवळातसुद्धा माझे हात इतके मनापासून कधी जुळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादानं वहिनीला हाक मारली, तिच्या नावानं. ती रडली. मी बाईंचं सगळं बोलणं त्याला सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं पोटावर हात ठेवला.

वहिनीनं पेज आणली, पण नेमाच्या धाकानं वाटी हातातच धरून उभी राहिली. "पालखी अजून आपल्या दारात आली नाय."

"भरव गो," दादा म्हणाला. "आत कामं चालली हायत. उपाशी कशा राबतील त्या पेशी?"