थडग्यांवरून टेप

आर्किटेक्चर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे असत. वर्गातल्या मुलांनी कोल्हापुरातलीच देवळं वाटून घेतली. मी हट्टानं गोव्यातलं जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचं एक चर्च घेतलं. पुस्तकात त्याचा फोटो पाहिला होता. एवढी मोठी जागा आणि आत एकही खांब नाही! त्या पाद्र्यांना प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायचं होतं, म्हणून त्यांनी छताचा सगळा भार जांभ्याच्या जाडजूड भिंतींवर घातला. पुढे पोर्तुगालच्या राजानं त्यांनाच हाकलून दिलं. चर्च राहिलं.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण एकट्या मुलीला तिकडे कोण सोडणार? माझे वडील, आबा, सोबत आले. ते शाळामास्तर. टेपचं दुसरं टोक धरायला मला माणूस हवाच होता. चंदगडवरून जाणाऱ्या एसटीनं आम्ही गेलो.

आत शिरताना आबांनी चपला काढल्या आणि फरशीकडे बघून थबकलेच. फरशीत थडग्यांच्या शिळा बसवल्या होत्या, नावं कोरलेल्या.

"मेलेल्या माणसाच्या छातीवर पाय देऊ व्हय मी? न्हाय जमायचं, पोरी. कडंकडंनं मोज की."

आम्ही कडेकडेनं मोजलं. चारी भिंती, खिडक्या, प्रवचनाच्या सज्ज्याकडे भिंतीतूनच चढणारा चिंचोळा जिना, सगळं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन तिरके कर्ण तेवढे राहिले. ते थडग्यांवरूनच जात होते. मी म्हटलं, राहू देत. हा माझा गाढवपणा.

कोल्हापुरात सरांनी कागद बघून पहिलंच विचारलं, "कर्ण कुठायत? नुसत्या चार बाजूंवरून इमारत काटकोनात आहे की वाकडी, कसं कळणार? त्याशिवाय सही मिळणार नाही."

तोवर घरी माझी सुपारी फुटली होती. कुरुंदवाडचं स्थळ, लग्न तीन आठवड्यांवर. नकाशे जमा करायचा दिवस लग्नाच्या जरा आधीचा, आणि मुलाकडच्यांनी बजावलेलं की लग्नानंतर कॉलेज नाही, नोकरी नाही. आता नाही तर कधीच नाही. आईनं मात्र सांगून टाकलं, लग्न ठरलेल्या मुलीनं वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. माडीवर बोर्ड मांडून मी त्या अर्ध्या नकाशासमोर बसून राहायचे. खाली पापड लाटायला बायका जमायच्या आणि मी खाली उतरले की मला बघून हसायच्या. एकदा चिडून मी चारी कोपरे काटकोनातच काढले, मग स्वतःचीच लाज वाटून खोडून टाकले.

पौर्णिमेला आबा "नृसिंहवाडीला दत्ताला जाऊन येतो" म्हणून सकाळीच निघाले. वाडीला गेलेला माणूस संध्याकाळी परततो. हे दुसऱ्या दिवशी आले, धोतराला तांबडी माती. आईला काही न सांगता माडीवर आले आणि माझ्या बोर्डावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर दोन आकडे होते. टेपचं दुसरं टोक चर्चमधल्या पाद्र्यांनी धरलं होतं म्हणे.

दोन कर्णांत हातभर फरक निघाला. एवढं देखणं चर्च, पण वाकडं होतं. मी तसंच काढलं आणि सरांनी सही केली.

हा माणूस आपल्यासाठी काहीही करेल असं मला त्या दिवशी वाटलं. मी म्हटलं, "आबा, मुलाकडच्यांना सांगा की, एक वर्ष थांबा म्हणून. मला नोकरी करायची आहे."

ते खाली बघत म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात, पोरी."

मेलेल्यांच्या छातीवरून ते चालत गेले, पण जिवंत व्याह्यांपुढे चार शब्द बोलायचा धीर त्यांना झाला नाही. याचा राग मला आजही आहे. डिप्लोमाचा कागद कुरुंदवाडच्या घरात ट्रंकेच्या तळाशी गेला तो तिथेच राहिला. ती चिठ्ठी मात्र मी अधूनमधून बाहेर काढते. आकड्यांच्या खाली आबांच्या मास्तरी अक्षरात एक ओळ आहे : "पाय दिला. माफी मागितली."