अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

मंगळवारी सकाळी सात वाजता नाईक धोंडू वारला. त्याच्या तक्त्यावर शनिवारपासून ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, म्हणजे नॉर्मल होता.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमच्या कंपनीचा कॅम्प हातखंब्याच्या माळावर होता आणि शेजारी तंबूतलं वीस खाटांचं हॉस्पिटल. मी वॉर्ड हवालदार. ऑर्डर्लीने थर्मामीटर लावून तक्ता भरायचा, खाली मी सही करायची.

आधीच्या मेजर डॉक्टरांच्या वेळी थर्मामीटर फुटला की ते म्हणत, "दुसरा घे. रोगी कसा आहे?" त्यांच्यानंतर आलेले कॅप्टन आधी नाव विचारत. एका फुटक्या बाटलीपायी त्यांनी एका लान्स नाईकाची हुद्द्याची फीत उतरवली. तेव्हापासून वॉर्डात कोणाच्या हातून काही फुटेनासं झालं. वस्तू नुसत्या नाहीशा होत.

शनिवारी मला थर्मामीटर दिसला नाही. तक्ते मात्र भरलेले होते. सगळ्यांचा ताप कालच्याइतकाच. मी ऑर्डर्लीकडे पाहिलं, त्याने नजर चुकवली. त्याची पेन्शन दोन वर्षांवर आली होती. मी सही केली.

धोंडू बुरोंडीचा. महायुद्धात इराकात, बसऱ्याला आम्ही एका तंबूत होतो. पायाची जखम चिघळली म्हणून तो दाखल झाला होता. रविवारी म्हणाला, "हवालदारानू, तुमचा कागद म्हणतो मी बरा. मग माझे दात कशाला वाजतायत?"

"बुरोंडीवाल्यांना माळावरची थंडी सोसत नाही."

"तर तर! बसऱ्यात माझी घोंगडी तुम्हीच पळवलीत."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. लगेच काढला. संध्याकाळी पुन्हा सही केली.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी कॅप्टनांपुढे उभा राहिलो.

"साहेब, धोंडूला फार ताप आहे."

"तक्त्यावर नाही."

"तक्ता खोटा आहे."

"कोणी भरला? नाव?"

"आधी रोगी पाहा, साहेब."

"नाव!"

मी नाव दिलं नाही. सगळ्यांना फॉल इनचा, रांगेत उभं राहायचा हुकूम झाला. एकेकाची ट्रंक उघडली गेली. दुपारी तीन वाजता ऑर्डर्लीच्या बिछान्यात थर्मामीटरची फुटकी काच सापडली. चार वाजता कॅप्टन वॉर्डात आले. तोवर जखमेचं विष अंगात भिनलं होतं. पाच वाजता धोंडूने मला ओळखलं नाही.

ऑर्डर्लीला काढून टाकलं. कॅप्टनांना पुढे बढती मिळाली असं ऐकलं. चौकशीत तो तक्ता कोणीच मागितला नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मी आता मालगुंडला असतो. बसऱ्याची ती घोंगडी माझ्याकडे आहे आणि तो तक्ताही. शनिवार आणि रविवार, दोन्ही रकान्यांखाली माझी सही आहे.