ओलं जाळं

मुंबईहून विधिमंडळाची समिती येणार, हे कळल्यावर आमच्या वरच्या ऑफिसात जी पळापळ सुरू झाली, ती पाहून मला आधी हसूच आलं होतं. मी अंगणवाडी सेविका. पवनीच्या खाली, वैनगंगेच्या काठावर आमचं गाव. बाप किंवा माय गमावलेल्या लेकरांना सरकार दरमहा जे पैसे देतं, त्यांची तपासणी करायची होती. जिवंत नवऱ्यांना मेलेलं दाखवून बाया पैसे उचलतात, अशी ओरड कोणीतरी केली होती. म्हणून समिती थेट घरांत शिरून पाहणार होती, आणि आमच्या गावातलं जे एक घर निवडलं गेलं, ते नेमकं माझ्या अंगणवाडीच्या पाठीमागचं. तिथं माझं हसू बंद झालं.

घर मासेमाराचं. बाप पुराच्या पाण्यात डोंगा घेऊन गेला. डोंगा खाली झाडाला अडकलेला सापडला, माणूस सापडला नाही. मागे बायको आणि पाच वर्षांची पोरगी. पोरीला सिकलचा, रक्ताचा आजार. तिचे हातपाय दुखायला लागले की तिला काखेत मारून भंडाऱ्याचा दवाखाना गाठावा लागायचा. औषध फुकट मिळतं हो, पण जाणंयेणं फुकट नाही, आणि माय तिकडे अडकली की इकडे विड्या वळणं बंद. सरपंचाने, पोलीस पाटलाने, मी, सगळ्यांनी तो बुडाल्याचं वर सांगून पाहिलं तेव्हा कुठं ते पैसे सुरू झाले होते. ते थांबले असते, तर पोरगी घरातच कण्हत पडली असती.

आमच्याकडच्या मासेमारांत एक रीत आहे. नदीत गेलेल्याचं प्रेत हाती लागत नाही, तोवर त्याचं जाळं वाळू द्यायचं नाही. जाळं वाळलं की माणूस संपला. मग कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, तेरवी करायची. बाकीची घरं काही दिवस वाट पाहून जाळं उन्हात टाकतात आणि रडून मोकळी होतात. ही बाई काही मोकळी होईना. रोज सकाळी बोरिंगवरून बकेट भरून आणायची, जाळ्यावर ओतायची, आणि ठसठशीत कुंकू लावून विड्या वळायला बसायची. नदीकडे मात्र ती त्या दिवसापासून फिरकली नव्हती. बाजाराला जातानाही लांबच्या रस्त्याने जायची.

समिती यायच्या दिवशी सकाळी मी तिला चांगलं झापलं.

"अवो, आजच्या दिवस तरी ते जाळं आतमंदी टाक. ते लोक पाहतीन त काय म्हनतीन?"

"आत टाकलं त वाळंल, बाई."

"वाळू दे ना मंग! कवापासून सांगून राहिली मी तुले."

ती माझ्याकडे पाहत जाळ्यावर पाणी ओतत राहिली. अशी चीड आली मला! पण पाणी बोरिंगचं होतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं सांगायचं तर हे आधी सांगणं भाग आहे.

गाड्या भर दुपारी आल्या. वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही, नदीकडून वाऱ्याची झुळूक नाही. समितीच्या एक आमदार बाई होत्या, सोबत एक मोठे साहेब. सपरीत, घरापुढच्या पडवीत, बांबूवर टांगलेल्या जाळ्यातून पाणी टपटप गळत होतं. एवढ्या उन्हात ते सकाळपासून गळतंच कसं आहे, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

पाणी बोरिंगचं आहे, असं मी न विचारताच सांगून टाकलं. साहेबांनी जाळ्यात हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं. झिंगा होता. जिवंत. मिशा हलवत होता.

"बोरिंगच्या पाण्यात झिंगे येतात का हो तुमच्याकडे?" त्यांनी मला विचारलं.

बोरिंगमध्ये कुठले झिंगे, कप्पाळ! साहेबांना वाटलं, चोरी पकडली. नवरा जिवंत आहे, रोज नदीवर जातो, आणि आम्ही सगळे मिळून त्याला लपवतो.

आमदार बाई पोरीजवळ खाली बसल्या. "बाळा, बाबा येतात का घरी?"

"येते ना," पोरगी म्हणाली. "मी निजली का येते. पायापाशी बसते. वल्ला राहते. बोलत नाई."

साहेब नाकातल्या नाकात हसले. बाई हसल्या नाहीत. मी खाटेकडे पाहिलं. पायथ्याशी सारवलेली जमीन ओली, काळी दिसत होती. पोरीने पाणी सांडलं असेल, असं मी मनाला बजावलं.

"हे बघा," आमदार बाई मायला म्हणाल्या, "मला एकच सांगा. तुमचा नवरा आहे की गेला? तुम्ही सांगाल ते मी मानेन. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

'गेला' हा शब्द मायने कधी उच्चारलाच नव्हता. मला वाटलं, गेले पैसे! मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, बोल ना वो, बोल एकदाची.

ती उठली. तिने बांबूवरून जाळं काढलं, अंगणात आली आणि शेळीच्या खोपटावरच्या तापलेल्या टिनावर ते पसरून टाकलं. चर्र आवाज झाला. पोरगी तिच्या पायांना झोंबली. "नको टाकू माय! नको टाकू!" मायने तिला दूर केलं नाही आणि जाळ्यालाही हात लावला नाही.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. तेव्हा माझा पारा चढला. रीत काय आहे ते मी त्यांना ठणकावून सांगितलं, आणि म्हटलं, "बसा आता, मयताला आले तुम्ही."

साहेबांनी हातातला झिंगा खाली ठेवला आणि रुमालाने बोटं पुसत राहिले. जाळं कडेने पांढरं पडत गेलं. सगळं वाळल्यावर मायने त्याला बोट लावून पाहिलं, पदराने कपाळ पुसलं आणि आमदार बाईंकडे वळली.

"आता लिवा," ती म्हणाली.

तेरवी झाली. पैसे सुरू राहणार असल्याचा निरोप आला, तो द्यायला मी आनंदाने धावतच त्यांच्या घरी गेले. माय सपरीत विड्या वळत होती. कपाळ कोरं, बांबू रिकामा. तिने निरोप ऐकला, मान हलवली. पोरगी खाटेवर पाय हलवत बसली होती. मला मेलीला काय सुचलं कोण जाणे, मी तिला विचारलं, "आता त बाबा येत नाई ना वो?"

"येते ना," ती म्हणाली. "पन आता वल्ला नाई राहत. पानी मांगते."

पोरीला रागवावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात विड्यांवरून नजर न काढता माय हळूच तिला म्हणाली, "मंग देल्लं काय तू?"