दिसतंय की वाटतंय?

माझ्या थोरल्या जावयाला त्याच्या कंपनीत सगळे खात्रीसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मी मात्र तोंडावर म्हणते. सासूला तेवढा अधिकार असतो. एरवी बोलताना मी त्याला अहो-जाहो करते, फक्त रागावले की विसरते.

तो विमान चालवतो. पायलट म्हटला की लोकांना वाटतं, काळा चष्मा, कडक इस्त्री, चालण्यात ऐट. आमचं ध्यान एकदा बघायला या. गाडी फाटकातून मागे घ्यायची तर माझ्या लेकीने मागे उभं राहून "मागे मोकळं आहे" असं ओरडायचं. मग हा काच खाली करून तेच पुन्हा म्हणणार, "मागे मोकळं आहे." मग तिने "बरोबर" म्हणायचं. शेजारच्यांनी सुरुवातीला खिडक्या उघडून पाहिलं. आता त्यांचा पोपट "मागे मोकळं" म्हणतो आणि जावई पोपटालाही उलट विचारतो.

पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी सहज म्हटलं, "भाजीत मीठ कमी दिसतंय." हा ताटात वाकून बघायला लागला. बराच वेळ बघितल्यावर म्हणतो कसा, "आई, मीठ दिसत नाहीये. विरघळलंय."

"अहो, दिसतंय म्हणजे वाटतंय!"

"मग दिसतंय की वाटतंय?"

मी लेकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला आधीपासून ठाऊक होतं आणि तरी हाच नवरा हवा होता. आता त्या घरात भाजीत मीठ घालायचं तर आधी तिघांनी चाखावं लागतं. कारण काय, तर धुक्यात किती लांबचं दिसतंय ते मोजणारी यंत्रंही धावपट्टीच्या कडेला तीन असतात. एक सुरुवातीला, एक मध्यावर, एक शेवटाला. भाजी निवून जाते, पण एकमत झाल्याशिवाय मिठाचा डबा उघडत नाही.

माझा पिंड याच्या नेमका उलटा. मी जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. डबल बेल मारली की गाडी सुटली पाहिजे. कुणाचा पाय फुटबोर्डवर आहे, कुणाची पिशवी खाली राहिलीय, ते मग बघू. माझी गाडी कधी उशिरा सुटली नाही, यावर मी आजही मिरवते.

आता धाकटीचं सांगते. तिचे दिवस भरले होते. ती दुसऱ्या शहरात, नवरा जहाजावर, आणि जहाज कुठल्या समुद्रात आहे हे नवऱ्याला तरी ठाऊक असेल की नाही देव जाणे. घरात दुसरं कुणी नाही. फोनवर म्हणाली, "आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही." जणू ते तिच्या हातात होतं! मी म्हटलं, "निघालेच." सकाळचं पहिलं विमान धरलं. चालवायला कोण? आमचे खात्रीसाहेब. मला वाटलं, घरचाच माणूस आहे, जरा दामटेल.

बाहेर धुकं म्हणजे इतकं, की खिडकीतून विमानाचा पंखही दिसेना. शेजारच्या सीटवरचे टायवाले गृहस्थ घड्याळ बघत होते आणि मी त्यांचं घड्याळ बघत होते. शेवटी विमान हललं. मुंगीच्या पावलांनी कुठे कुठे वळलं आणि उभं राहिलं. मग जावयाचा आवाज आला. धुक्याबद्दल दिलगिरी वगैरे. "थोड्याच वेळात उड्डाण करू," म्हणाला.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. माझ्या डोळ्यांसमोर धाकटी. डोक्यावर एक बटण होतं. माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोनदा दाबलं. टिंग टिंग.

हवाईसुंदरी धावत आली. "काय हवंय आजी?"

"काही नको. गाडी सोडा."

तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून पुन्हा आवाज आला. पण तो आमच्यासाठी नव्हता. खात्रीसाहेब, ज्यांना गॅसची शेगडी बंद आहे की नाही हे तीनदा विचारायला लागतं, ते माइक बंद करायला विसरले होते! अख्खं विमान ऐकत होतं.

"ही धावपट्टीवरच्या दिव्यांची रांग मधलीच ना?"

"मधलीच दिसतेय सर," कोवळा आवाज. सहवैमानिक असणार.

"दिसतेय की वाटतेय?"

टायवाल्यांनी घड्याळावरची नजर काढली.

"...वाटतेय सर."

माझा हात पुन्हा वर गेला. या वेळी मी बटण एकदाच दाबलं. टिंग. सिंगल बेल म्हणजे थांबा, हे कंडक्टरला सांगावं लागत नाही.

"मधले दिवे दाट असतात," जावई म्हणत होता. "हे फारच विरळ आहेत. वळताना माझं चुकलंय बहुतेक. आपण कडेच्या रांगेवर उभे आहोत. थांबू."

"सर, आधीच उशीर झालाय..."

"मला सांगतोस? मागे सासूबाई बसल्यात. धाकटीचं बाळंतपण आहे, जवळ कुणी नाही. जन्मभर ऐकवतील मला. ऐकवू देत. त्यासाठी त्या असल्या पाहिजेत ना?"

सगळं विमान माझ्याकडे वळलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काहीच नव्हतं, तरी बघत बसले. माझे डोळे टायवाल्यांना दाखवायचे नव्हते.

मग आम्हाला वाट दाखवायला एक गाडी निघाली, ती धुक्यात हरवली. तेही आम्ही ऐकलं. "नाही हो, आमच्या मागे नका येऊ, तुम्ही पुढे जायचंय... तो दिवा आमचा नाही. तो तुमचाच असेल." लोक पोट धरून हसत होते. शेवटी गाडीवाल्याला आम्ही सापडलो. त्याने खाली उतरून बघितलं. पुढचं चाक खरंच कडेच्या दिव्यांच्या रांगेवर होतं. तसेच सुटलो असतो तर, हे वाक्य त्यानंतर विमानात कुणीच पुरं केलं नाही.

आम्हाला परत जागेवर आणून उभं केलं. तिथे माझा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिने फोन बाळाजवळ धरला. ते असं काही केकाटत होतं, की मागच्या सीटवरच्यांनीही ऐकलं. मी रडले, आणि टायवाल्यांनी मला त्यांचा रुमाल दिला. लेकीजवळ मी नव्हते, याचं दुःख मला झालं. अजूनही होतं. ते खोटं कशाला सांगू?

ऊन चढल्यावर विमान उडालं. उतरल्यावर जावई त्याच युनिफॉर्ममध्ये माझी बॅग उचलून दवाखान्यात आला. तोंड असं, की जणू शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन आलाय.

धाकटी पलंगावर होती, चेहरा पांढराफटक, पण जीभ शाबूत. आम्हाला बघितल्याबरोबर तिचे डोळे भरले आणि ती त्याच्यावरच घसरली. "भाऊजी, तुमचंच विमान होतं ना? मग एवढा उशीर? मी एकटी होते इथे!"

तो बॅग हातातच धरून उभा राहिला.

मी बाळाला उचलून घेतलं, छातीशी धरलं, आणि मग म्हटलं, "त्यांना बोलू नकोस. त्यांनी तुझी आई आणून दिलीय."